मोठी न होणारी पिल्लं

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. दूधवाला म्हणाला, "आज दूध एकदम बढिया हाय," की मला कालच्या दुधाचा संशय येतो. कोणी फार गोड बोलायला लागलं की याला काय हवंय ते मी आधी शोधते. माहेरी, पुसदला, सगळे म्हणायचे की ही पोरगी पोलिसात शोभेल. मी शिकले मात्र जीवशास्त्र. आता मारेगावला अकरावी-बारावीच्या मुलांना तेच शिकवते आणि जवळच्याच एका गावात, सासरी राहते.

सासरचं घर एक आहे आणि चुली दोन. पूर्वेकडे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, त्यांची बायको आणि त्यांची तिसरीतली मुलगी. पश्चिमेकडे मी आणि माझा नवरा. दोन्हीकडे स्लॅब पडला आहे. मधे एक लांबलचक खोली आहे, तिच्यावर अजून कवेलूच, म्हणजे कौलंच आहेत, कारण तिथला स्लॅब कोणी टाकायचा हा विषय दोघा भावांनी कधी काढलाच नाही. त्या खोलीला दोन दारं, एक त्यांच्याकडे उघडणारं, एक आमच्याकडे. शेत अजून एकत्र आहे, त्यामुळे कापूस वेचून आला की सगळा ढीग याच खोलीत पडतो आणि भाव चढेल या आशेवर तिथेच पडून राहतो. आमच्या भागात हिवाळ्यात कोणाच्याही घरी जा, माणसं ओसरीत आणि कापूस घरात.

जाऊबाईंचं आणि माझं भांडण नव्हतं. म्हणून फार प्रेम होतं असंही नाही. नळाचं पाणी आधी त्या भरायच्या, मी मागून. वाळवणाला गच्चीची पुढची बाजू त्यांची, मागची माझी. हे कोणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं. चारचौघांत त्या मला "मॅडम" म्हणायच्या, आणि त्या शब्दात मान किती आणि टोमणा किती, हे मला इतक्या वर्षांत नक्की कळलं नाही.

मला मूल नाही. यवतमाळ झालं, नागपूर झालं, आणि मग एक दिवस आम्ही दोघांनी जायचं बंद केलं. त्याबद्दल मला इथे जास्त लिहायचं नाही. एवढंच सांगते, की पुतणी चालायला लागली तेव्हा मधली खोली ओलांडून पहिल्यांदा आमच्याकडे आली. मी तिला उचललं, आणि खाली ठेवायचं मला काही सुचेना. पुढे शाळेतून आली की दप्तर आमच्याकडे, अभ्यास आमच्याकडे. मग जेवणही आमच्याकडे. गेल्या हिवाळ्यात तर ती झोपायलाही आमच्याकडेच येऊ लागली. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलणारी बाई याबद्दल गप्प होती.

वटवाघळं या मधल्या खोलीच्या कवेलूंखाली राहायची. मी लग्न होऊन आले त्याच्या आधीपासून ती तिथे होती. संध्याकाळी अंगणात बाज टाकून मी आणि पुतणी बसायचो आणि वळचणीच्या फटीतून ती एकेक बाहेर पडताना बघायचो. पिवळसर पोटाची, आखूड तोंडाची, काही मोठी आणि काही छोटी. पुतणी मोठ्यांना 'आया' म्हणायची आणि छोट्यांना 'पोट्टे'. घरात सगळ्यांचं तेच मत होतं. मागे कवेलू फेरायला मारेगावहून एक मिस्त्री आले होते. त्यांनीही वर चढून, खाली वाकून मला तेच सांगितलं, "भाभी, माँयें हैं और उनके बच्चे हैं. बच्चे बहोत हैं." त्यांच्या आवाजात थोडी काळजीही होती, एवढ्या लेकरांचं कसं होणार अशी.

मीही बरीच वर्षं तेच धरून चालले होते. मग एका थंडीत शंका आली. ही पिल्लं जन्मतात पावसाच्या तोंडाशी. दिवाळीपर्यंत ती आईएवढी व्हायला हवीत. पण पौष आला तरी छोटी ती छोटीच. पुढच्या पौषातही तेच. पिल्लं मोठी होत नव्हती. बारावीच्या वर्गात मला अशी मुलं माहीत आहेत, पण वटवाघळांत ही सवलत नसते.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुले आता वाघळांवरही डाऊट येऊन राह्यला काय?"

आला होता. मग मी नीट बघायला लागले. मोठी आधी निघायची, आकाशात अजून उजेड असताना, आणि सरळ निंबाच्या शेंड्याच्या वर जाऊन मोकळ्या हवेत फेऱ्या मारायची. छोटी थांबायची. अंधार जरा दाटला की ती फटीच्या दुसऱ्या टोकातून निघायची आणि खालून, कुंपणाच्या उंचीवरून, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या ओळींकडे जायची. आत खोलीतही जागा वेगळ्या. मोठी पुढच्या भिंतीलगत, छोटी मागे आढ्याच्या सांध्यात. खालून बॅटरी मारली की दोन्ही टोळ्यांच्या मधे हातभर जागा मोकळी दिसायची. पिल्लं आयांपासून अशी हातभर लांब झोपत नाहीत, हे मूल नसलेल्या बाईलाही कळतं.

मला ही शांतता खरी वाटेना. छप्पर एक, शेतं तीच, रात्रीचे किडे तेच, आणि कुरबुर नाही? कुठेतरी चावाचावी चालत असणार, फक्त आपल्याला दिसत नाही, असं धरून मी बाजेवर बसायचे. भांडण काही दिसलं नाही. दिसल्या त्या लेंड्या. एका रविवारी खोली झाडताना लक्षात आलं की पुढच्या भिंतीखालच्या लेंड्या जाडसर आहेत. काडीने फोडल्या तर आत भुंग्यांच्या पाठीचे कडक, चकचकीत तुकडे. मागच्या बारीक होत्या आणि फोडल्यावर त्यांची मऊ भुकटी व्हायची, पतंगाच्या पंखाला हात लावल्यावर बोटाला लागते तशी. म्हणजे मोठी वर जाऊन भुंगे फोडत होती आणि छोटी खाली पऱ्हाटीवरचे पतंग टिपत होती. ज्या पतंगाची गुलाबी अळी आमच्या बोंडांत शिरते, तोही त्यांत असणार असं मला वाटतं. पण ते मी अजून पक्कं करू शकलेले नाही, त्यामुळे छातीठोकपणे सांगत नाही.

त्यांच्यात प्रेम वगैरे होतं असं मी म्हणणार नाही. एकमेकांच्या वाटेत यायचं नाही, एवढी सवय होती. ती बऱ्याच घरांत नसते.

राहिलेली शंका एका सकाळी फिटली. उंबऱ्याशी एक छोटं वटवाघूळ मरून पडलेलं सापडलं. पुतणीला लांब उभं केलं, हातात प्लास्टिकची पिशवी घातली आणि ते उचलून उजेडात धरलं. दात पार झिजलेले. छातीवर दोन्ही बाजूंना स्तनाग्रं मोठी आणि भोवतालचे केस गेलेले. ती दूध पाजून झालेली मादी होती. ज्याला आम्ही इतकी वर्षं पोट्टं म्हणत होतो ती स्वतःच आई होती, आणि एकदा नाही, बरेचदा झालेली असावी. ही दुसरी जात होती. पुस्तकातही दोघींची नावं जवळपास सारखीच आहेत, एक मोठं पिवळं वटवाघूळ आणि एक छोटं.

"काकू, मंग हे पोट्टं नव्हे काय?" पुतणीने लांबूनच विचारलं.

"नाही. हिला स्वतःचं घर होतं."

मला इतका आनंद झाला की मी ती मेलेली मादी पुरताना गुणगुणत होते. नवरा म्हणाला, मयताला असं कोणी करत नाही.

आता पुराव्याची गोष्ट. त्या संक्रांतीला जाऊबाईंनी हळदी-कुंकवाचं वाण म्हणून जोडडब्या वाटल्या होत्या. दोन छोट्या डब्या एकमेकींना चिकटलेल्या, एकीचं झाकण पिवळं, एकीचं लाल. हळदीला एक, कुंकवाला एक. अशा वाणाच्या वस्तू माझ्याकडे कपाटभर आहेत, आणि कपाळाला कुंकू मी एकाच करंड्यातून लावते. मला तर दोन कप्पे असलेलं, घट्ट झाकणाचं काहीतरी हवंच होतं. पिवळ्या झाकणाखाली मी मोठ्यांच्या लेंड्या ठेवल्या, लाल झाकणाखाली छोट्यांच्या, आणि डबी मधल्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवून दिली. याहून सोयीची वस्तू मला कुठल्या प्रयोगशाळेतही मिळाली नसती, असं मी अजूनही म्हणेन.

माघ संपता संपता ऊन तापायला लागलं आणि घरात खाज सुरू झाली. आधी पुतणीला. पोटावर, हातांवर लाल बारीक पुरळ. मग तिच्या वडिलांना, मग आम्हाला. पुतणी कापसाच्या ढिगावर उड्या मारायची, त्यात बोगदे करायची, लपायची. कापूस घरात फार दिवस राहिला आणि उन्हाळा लागला की त्यात बारीक जीव होतात आणि अंग खाजतं, हे आमच्याकडे कोणाला माहीत नाही असं नाही. पण कापसाला कोणी दोष देत नाही. कापसाला दोष दिला तर तो विकावा लागतो, आणि भाव अजून चढायचा असतो. मारेगावच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "घरी कापूस आहे का?" तर भासरे म्हणाले, "कोनाच्या घरी नाई, डॉक्टर?" आणि विषय संपवून आले.

मग दोष द्यायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं. ढिगाच्या वर, कवेलूंखाली, ते तयारच होतं.

त्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा ओसरीवर शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या आणि मधे जाऊबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात ती जोडडबी होती. दोन्ही झाकणं उघडी.

"ज्याच्यात म्या हळद-कुंकू देल्लं त्याच्यात हे भरून ठेवलं?" त्या म्हणाल्या. "वाघळाचं? माह्या लेकराच्या आंगावर पुरळ उठून राह्यलं, अन् तू हे जमा करून राह्यली, मॅडम?"

"ताई, तो अभ्यास आहे. वरती दोन जाती आहेत, त्या काय खातात ते..."

"अभ्यास कागदावर करतेत."

शेजारणी नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मला त्यांच्या मनातला शब्द न बोलताच ऐकू येत होता. मूल नसलेली बाई, कुंकवाच्या डबीत वटवाघळाची घाण, आणि दुसरीचं आजारी लेकरू. ही जुळवाजुळव करायला शिक्षण लागत नाही. मला इतका संताप आला की मी डबी त्यांच्या हातातून ओढून घेतली, आणि तसं केल्यामुळे मी आणखीच तशी दिसले असणार.

त्याच दिवशी मधल्या खोलीच्या त्यांच्या दाराला पलीकडून कडी लागली. पुतणीला ताकीद मिळाली. शाळेतून येताना ती अंगणातून जायची तेव्हा आमच्याकडे बघायची आणि मग आईचा आवाज आला की आत पळायची. तिची अभ्यासाची वही आमच्या टेबलावर राहून गेली होती. ती मी नवऱ्याच्या हाती पाठवली, कारण मी नेली असती तर ती त्यांनी घेतली असती की नाही याची मला खात्री नव्हती. संध्याकाळी बाजेवर मी एकटी बसायचे. मोठी निघायची, मग छोटी निघायची, आणि माझं लक्ष त्यांच्याकडे नसायचं. पलीकडून पाढे म्हणण्याचा आवाज यायचा. चुकला तर सांगणारं तिच्याजवळ कोणी नाही, असं वाटून मला जीव नकोसा व्हायचा.

दोनचार दिवसांनी भासऱ्यांनी अंगणात सगळ्यांना बसवलं. त्यांनी निर्णय आधीच केला होता. "निंबाचा पाला अन् मिरच्या जाळून धूर करू. पयतील सगळे."

"भाऊजी," मी म्हटलं, "खोलीत कापूस आहे. एक ठिणगी उडाली तर?"

कापूस आणि विस्तव ही जोडी आमच्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. माझ्या मनात दुसरंच चालू होतं. आधी कापूस जाऊ दे, खोली झाडून निघू दे. आठ दिवसांत खाज थांबली की वटवाघळं आपोआप सुटली. मग धुराची गरजच राहणार नाही, आणि त्या बंद दारालाही काही कारण राहणार नाही.

"खरं हाय हिचं," जाऊबाई म्हणाल्या. "पयले कापूस काढा."

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. माझी बाजू घेणाऱ्या माणसावर मी कधी पटकन विश्वास ठेवत नाही, आणि ही बाई तर आदल्या दिवसापर्यंत माझ्या सावलीलाही उभी राहत नव्हती. भासरे कुरकुरले की थोडं थांबलं तर भाव नक्की चढतो.

"लेकरानं खाजवून खाजवून रगत काढलं," जाऊबाई म्हणाल्या, "अन् तुमाले भाव पायजे?"

भासऱ्यांनी मान खाली घातली. कापूस विकायचं ठरलं.

"मग कापूस गेला की आठ दिवस थांबू," मी घाईने म्हटलं. "नंतर करू धूर."

"एक दिवस नाई थांबाचं," जाऊबाई म्हणाल्या. "त्याच सांजले."

तेव्हा मला वाटलं की ही बाई दिसते त्यापेक्षा बरीच हुशार आहे. माझा डाव तिने ओळखला होता आणि एका वाक्यात मोडला होता. कापूस आणि वटवाघळं एकाच दिवशी गेली तर खाज कोणामुळे होती हे कधीच कळणार नाही, हे तिला पुरतं समजत होतं. मी रात्री नवऱ्याला हे सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "तुमी दोघी मले वेड लावाल," आणि कूस बदलून झोपला.

गाडी आली, कापूस गेला, खोली झाडून झाली. संध्याकाळी जाऊबाईंनी स्वतः घमेल्यात पाला भरला. भासरे मदतीला गेले तर त्यांनी त्यांना हात लावू दिला नाही. त्या घमेलं घेऊन खोलीच्या दारात बसल्या आणि बसूनच राहिल्या. मोठी वटवाघळं निघून गेली. अंधार पडायला लागला, छोटीही निघून गेली. त्यानंतर त्यांनी काडी ओढली. मी हाताची घडी घालून बघत होते आणि मनात म्हणत होते, रिकाम्या घरात धूर करणारी बाई मी पहिल्यांदाच बघते. धूर झाला थोडासाच, पण मिरच्यांनी सगळ्या माणसांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी भासऱ्यांनी वळचणीच्या फटी सिमेंटने बुजवल्या.

थोड्याच दिवसांत दोन्ही घरांतली खाज गेली. भासरे गावभर सांगत फिरले की वाघळं हाकलली आणि घर सुधरलं. आणखी दोनतीन घरांतून धूर निघाला. मी कॉलेजात जायचे, यायचे. वटवाघळं गेली, पुरावा गेला, आणि दार बंदच राहिलं. खरं सांगायचं तर वटवाघळांचं दुःख मला तेव्हा झालं नाही. खाज गेली, आता तरी कडी निघेल, म्हणून मी रोज त्या दाराकडे कान लावून होते. कडी निघाली नाही, तेव्हा मात्र माझी खात्री झाली की त्यांना माझ्यावरचा तो संशय खरंच खरा वाटतो.

पहाटे मी गच्चीच्या माझ्या बाजूला फिरते. तिथून त्यांची मागची पडवी दिसते, टिनाचं छप्पर असलेली. एक दिवस पाहिलं, जाऊबाई पडवी झाडत होत्या. घरात कोणी उठलेलं नाही, अंगण झाडायचं बाकी आहे, आणि ही बाई मागची पडवी झाडते? झाडून झाल्यावर त्यांनी सुपलीत काहीतरी भरलं, दोन्हीकडे पाहिलं आणि ते खताच्या खड्ड्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि दर वेळी तसंच दोन्हीकडे बघणं. माझ्यासारख्या बाईला एवढं पुरे होतं.

रविवारी भासरे शेतात गेले आणि जाऊबाई नळावर होत्या, तेव्हा मी मागच्या कुंपणाकडून त्यांच्या पडवीत शिरले. वर बघायचीही गरज पडली नाही. टिनाच्या खालून बारीक चिकचिक ऐकू येत होती. खाली, जमिनीवर, भिंतीलगत जाडसर लेंड्या होत्या. तिथून जरा लांब, कोपऱ्यात, बारीक. आणि मधली जागा मोकळी. दोघींनी घर बदललं होतं आणि मांडणी तीच ठेवली होती. मी खाली वाकून बघत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"दिसल्या काय?"

जाऊबाई पाण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. मी उठले.

"ताई, ही इथे आहेत हे तुम्हाला माहीत आहे?"

"मले नाई त कोनाले माईत राहीन? रोज म्याच त झाडून राह्यली."

"भाऊजींना?"

"त्याईले कायले सांगू?" त्यांनी बादली खाली ठेवली. "कापसानं खाजते हे का मले ठाऊक नाई? माह्या बापाच्या घरी कापसाच्या ढिगावर झोपलो आमी. पन म्या म्हनलं असतं कापूस इका, त इकला असता यायनं? वाघळाचं नाव घेतलं तवा निघाला."

"मग त्याच संध्याकाळी धूर करायची काय गरज होती?"

"नसता केला त माहा डाव यायले समजला असता ना. पुढच्या सालीही कापूस काढाचा हाय." त्यांनी वर टिनाकडे पाहिलं. "म्हनून त त्या गेल्यावर पेटवलं."

मी तिथेच पडवीच्या कट्ट्यावर बसले. आम्ही दोघी एकच डाव खेळत होतो, आणि दोघींनाही वाटत होतं की समोरची आपल्याविरुद्ध खेळते आहे. हसू यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात ते दार होतं.

"आणि दार, ताई? डबीचं तुम्हाला खरंच तसं वाटलं?"

"डबीचा राग आलता. कोनालेही येईन. तो गेला."

"मग कडी का काढली नाही?"

त्या पदराने हात पुसत राहिल्या, हात केव्हाच कोरडे झाले होते.

"पोट्टीले ताप आलता ना, खाजीच्या वक्ती," त्या म्हणाल्या. "दार बंद केलं त्याच्या आदी. तवा मीच घेऊन झोपली होती तिले. बिमार लेकरू झोपेत आई म्हनते. माही पोट्टी काकू म्हने."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. इतक्या वर्षांत त्या बाईच्या प्रत्येक शब्दामागे मी काहीतरी शोधलं, आणि जे होतं ते शोधायचं मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी मुलीला आपण होऊन परत पाठवलं असतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. मला तिचा लोभ होता आणि आहे.

"तू तिले चांगलं शिकवतं," जाऊबाई म्हणाल्या. "माह्याच्यानं ते होत नाई. म्या पाह्यलं करून." मग आवाज जरा कडक करून, वाटणीचं बोलतात तसं, त्या म्हणाल्या, "दिवा लागेपरेंत तुह्याकडं. मंग माह्याकडं. जेवाले, झोपाले माह्याकडं."

"चालेल."

"अन् तूच आनून सोडजो. एकटीले धाडू नको. दारातून वापस पयते ते."

त्या संध्याकाळी कडी निघाली. पुतणी दप्तरासकट धावत आली आणि मला बिलगली. इतक्या दिवसांत झालेलं सगळं तिने एका दमात सांगितलं, मैत्रिणीचा पडलेला दात, शाळेतल्या खिचडीत निघालेला खडा, सगळं. आम्ही पाढे केले. सातचा पाढा तिने चुकीचा पाठ केला होता, तो नीट केला. बाहेर अंधारायला लागलं तसं तिने वही मुद्दाम हळूहळू लिहायला घेतली. मी दिवा लावला, वही मिटली आणि तिचा हात धरून उठले.

मधली खोली रिकामी होती, पाऊल वाजत होतं. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि मला मागे ओढायला लागली. "काकू, आज इथंच झोपू दे ना. आजच."

"नाही," मी म्हटलं. तिला तो शब्द माझ्या तोंडून माहीत नव्हता.

जाऊबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी पुतणीचा हात पुढे केला. त्यांनी तो लगेच घेतला नाही. त्या माझ्या बोटांकडे बघत होत्या, मी सोडते की नाही ते.

मी सोडला.